जवळचा नंबर

रावपुऱ्यात टॉवरसमोर आमचं चष्म्याचं दुकान.
मी काचा घासते, दांड्या वाकवते,
लोकांना जवळचं दिसेल असं करून देते.

गल्ल्याखाली एक कादंबरी असते,
पुठ्ठा गेलेली, शेवटची पानं गेलेली,
यदुनाथ खारकरांची.
त्यांच्या पुस्तकांत देव नाही.
एकदा देवघर येतं, तेही उंदीर शिरला म्हणून.
माणसं आहेत : जकात नाक्यावरचे कारकून,
उधारीवर लोकर नेणाऱ्या बायका,
आणि मधूनच, भाजी निवडता निवडता,
कुणीतरी असं काही बोलून जातं
की मी पान तसंच धरून बसते
गिऱ्हाईक खाकरेपर्यंत.

सासूबाई पोथी वाचायच्या, अंघोळ करून.
मी हे वाचायची, बोटांना काचेची भुकटी.

पान एकशे बारा :
‘दुःख आलं, तर त्याला पाट द्या.’

शिरीष गेला, माझा धाकटा भाऊ,
फतेगंजला, स्कूटरवर, भर दुपारी,
तेव्हा मी खरोखरच पाट मांडला.
ओट्याशेजारी, भिंतीला लागून.
चहा टाकताना म्हणायची, बस.
पोळ्या लाटताना म्हणायची, बस हं, आलेच.
घरच्यांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.
दिवाळी गेली. उत्तरायण गेलं,
त्याची फिरकी माळ्यावर, मांजासकट.
मग फाल्गुनात एका संध्याकाळी
पाट नुसता पाट दिसला.
त्यावर मी पिठाचा डबा ठेवला.

परवा काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी आली :
य. ग. खारकर, वय सत्त्याऐंशी.
मी तर त्यांना केव्हाच गेलेले समजत होते.
समोर एक किडकिडीत म्हातारा,
सदऱ्याला वरचं बटण नाही,
पिशवीत दुधी.

नवा चष्मा चढवून दिला
आणि तक्त्याऐवजी पान एकशे बारा पुढे केलं.
न अडखळता वाचलं त्यांनी :
‘दुःख आलं, तर त्याला वाट द्या.’
‘पाट,’ मी म्हटलं.
‘वाट. मी लिहिलंय, बाई.’
‘काच नीट बसली नाही का?’

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला,
पुन्हा नाकावर ठेवला. अक्षरावर बोट.
बराच वेळ.
‘चुनीलाल,’ म्हणाले.

मांडवीमागच्या छापखान्यात खिळे जुळवायचा.
मराठी वाचता येत नसे त्याला,
आकार बघून लावायचा, उलटे.
‘शुद्धिपत्रात दिलं होतं मी. अगदी शेवटी.’
शेवट माझ्याकडे नव्हताच.

मग मी पाटाचं सांगितलं. डब्याचंही.
ते ऐकत राहिले, आरशात फ्रेम सारखी करत.
‘आमची ही गेली तेव्हा मी वाटच दिली,’ म्हणाले,
‘दार सताड उघडं टाकलं.
ते काही गेलं नाही.
मीच बाहेर. सुरसागरच्या कठड्याशी,
रात्री अकरा-अकरापर्यंत.’

पेन्सिल मागितली.
‘पा’च्या अगदी जवळ नेली, थांबले,
कानावर अडकवली.
मग फ्रेमच्या किमतीवरून वीस मिनिटं घासाघीस,
दोनशे कमी करून घेतले,
आणि गेले, दुधी सांभाळत,
माझी पेन्सिल कानावरच.

जुना चष्मा इथेच विसरले.
शटर ओढण्याआधी मी तो घालून पाहिला,
काचेवर चरे, एक दांडी दोऱ्याने बांधलेली.
पान धरलं.
पा की वा, काही लागेना.
ओळीच्या अलीकडचं ‘दुःख’ दिसत होतं,
पलीकडचं ‘द्या’ दिसत होतं,
मधे नुसता शाईचा ठिपका, पावट्याएवढा.

चष्मा न्यायला ते अजून आलेले नाहीत.
गल्ल्याखाली ठेवलाय, पुस्तकावर.